टाक तोडण्याआधी

सुलेखनाच्या बहुतेक कार्यशाळांत हल्ली बोरू आयते छाटून मिळतात. काही दिवस ते बरे चालतात, मग टोक मऊ पडते, अक्षराचा काठ फुटू लागतो आणि शिकणारा नवा बोरू मागतो. जुन्याचे टोक पुन्हा कसे घडवायचे हे त्याला कुणी दाखवलेले नसते, कारण चाकू शिकवणाऱ्याच्या पिशवीतच राहतो. सभागृहाचे नियम, पालकांची धास्ती, वेळेची ओढाताण ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण त्यातून झाले असे की, शाई कुठली आणि हातकागद कुठला यावर तासभर वाद घालणारे आपण लोक, चाकूचा विषय निघाला की खोक्यातले कटर पुढे करतो. हे संपादकीय त्या दुर्लक्षित चाकूबद्दल आहे: मिटवून खिशात मावेल असा, एका पात्याचा, आपला आपण पाजवलेला.

मुद्दा अक्षराचाच आहे. कान्याचा काठ बोरूच्या टोकावर ठरतो आणि बोरूचे टोक पात्यावर. बोथट पाते तंतू कापत नाही, चेंगरते. चेंगरलेले तंतू शाई पिऊन फुगतात, आणि शिरोरेषेच्या खालच्या अंगाला जी लव दिसते तिचा दोष आपण कागदाला देतो. कागद बदलण्याआधी भिंग घेऊन टोक पाहावे. धारदार पात्याने तोडलेला टाक, म्हणजे बोरूचे छाटलेले टोक, काचेसारखा चमकतो. बोथट पात्याचा टाक पांढुरका, पिंजलेला दिसतो.

आपल्या परंपरेत ही बाब कुणी किरकोळ मानली नव्हती. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला. त्यात ठिकठिकाणचे बरू आणून घट्ट, बारीक, सरळ तेवढे घ्यायला सांगितले आहे, आणि टाक तोडण्याचे प्रकारही नाना असतात हे नोंदवले आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1841 मध्ये शिळाछापावर पंचांग काढले तेव्हा त्यातले प्रत्येक अक्षर आधी हाताने लिहिलेले होते. पुढे काळबादेवीत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने 1869 पासून खिळ्यांचा काळ गाजवला, पण त्या खिळ्यांच्या अंगावरचा जाड-बारीकपणाही बोरूचाच होता. परदेशातही, सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांनी 1906 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात लंडनच्या विद्यार्थ्यांना लेखनाकडे वळवताना आधी वेताची लेखणी छाटायलाच बसवले. रोमन आणि देवनागरी यांचा जाड-बारीक तोल एकमेकांच्या उलट, म्हणून टाकाचा तिरकेपणाही उलट. आयता छाटलेला बोरू घेताना ही गोष्ट हमखास निसटते: परदेशी धर्तीवर तोडलेला टाक देवनागरीत मनगट पिळायला लावतो.

आता पात्याकडे. बोरू आणि बांबू दोन्ही गवताच्या कुळातले. त्यांच्या बाहेरच्या चकचकीत सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य. पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड तासताना धार जितकी टिकते तितकी बोरूवर टिकत नाही. गणेशोत्सव आटोपला की लालबाग-परळच्या गल्ल्यांत मंडपांच्या आणि मखरांच्या कामट्या पडून असतात. त्यांतून ठळक पाट्यांसाठी उत्तम रुंद लेखण्या निघतात, पण त्या तासणारा चाकू एका बैठकीतच जीभ टाकतो. यावर उपाय एकच: साल खरवडत बसू नये. पहिला लांब उतार एका दमात घ्यावा आणि नंतरचे सारे तासकाम आतल्या मऊ बाजूने करावे.

कटरवर आमचा राग नाही. ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी 1956 मध्ये तुकडे मोडत जाणारे पाते शोधले आणि नव्या धारेचा प्रश्न काही पैशांत सोडवला. टाक तोडण्याच्या शेवटच्या उभ्या दाबाला ते छान चालते. अडचण आधीच्या कामात येते. बोरूची भिंत जाड असते आणि उतार घेताना अंगठ्याचा जोर पात्यावर पडतो. कटरचे पातळ पाते तिथे वाकते, उतार लाटेसारखा होतो आणि कधी कधी पाते खाचेवरच तुटून उडते, तेही डोळ्यांच्या दिशेने. परळला केईएमच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत मिळणाऱ्या 11 क्रमांकाच्या स्कालपेल पात्याचेही तसेच: मधली चीर पाडायला अप्रतिम, उतार घ्यायला निरुपयोगी. उतार आणि खांदे घडवायला ताठ पाते लागते. ताठ पाते चाकूत असते.

चाकू निवडताना लांबीच्या मागे लागू नये. सहा-सात सेंटिमीटर पाते पुरते. त्याहून लांब असले तर टोक कुठे फिरते आहे यावर लक्ष राहत नाही. अरुंद पाते रुंद पात्यापेक्षा बरे, कारण खांद्यांच्या आतल्या वळणात रुंद पाते वळत नाही. धारेची रेघ शक्यतो सरळ असावी. पोट फुगलेले पाते फळे कापायला सोयीचे, पण टाकावर ते एका बिंदूवरच टेकते. दाते असलेले, काळा रंग दिलेले, बाटली उघडण्यापासून काच फोडण्यापर्यंत सगळे करणारे नग दुकानातच राहू द्यावेत. खटका दाबताच उघडणारा चाकू तर घेऊच नये. त्याचे कारण पुढे येईल.

पोलादाची निवड हा आवडीचा वाद आहे आणि त्यात मुंबईच्या हवेला मत आहे. कार्बन पोलाद पटकन पाजवले जाते, बारीक धार घेते, पण जुलैच्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस पडते. हिराकस घातलेली शाई लागली असेल तर डाग आणखी लवकर. स्टेनलेसची धार थोडी आळशी, पण निष्काळजी माणसाला सोसते. स्विस सैनिकी चाकू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याची कठिणता रॉकवेल मापाने 55–56 च्या घरात असते. हे आकडे पाहून नाक मुरडणारे हौशी लोक पुष्कळ. बोरूवाल्याला मात्र ही मवाळ पाती सोयीची, कारण पाच मिनिटांत ती पुन्हा तयार होतात. त्यांतल्या दोन पात्यांपैकी लहान पाते वापरावे, मोठे नव्हे. एकच खोट: या लहान चाकूंच्या पात्याला कुलूप नसते, नुसती स्प्रिंग असते. चीर पाडताना टोक खुपसले आणि हात घसरला तर पाते बोटांवर मिटते. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला 1955 पासून फिरवायचे कडे आहे. सहा क्रमांकापासून पुढच्या नगांना ते असते आणि पाते जागचे हलत नाही. सहा किंवा सात क्रमांक आपल्या कामाला नेमका. पण त्याची मूठ बीच लाकडाची. पावसाळ्यात ती फुगते आणि पाते मुठीत असे रुतते की नखाने निघत नाही. जून लागण्याआधी सांध्यात जवसाचे तेल मुरवून, पुसून, वर मेण चोळले तर हा त्रास बराच कमी होतो.

स्वस्तातला मार्गही आहे. वर्कशॉपात हॅकसॉचे मोडके ब्लेड घासून चाकू करण्याची रीत जुनी आहे आणि गिरणगावातल्या फिटरांच्या घरी असे चाकू सापडणे नवलाचे नाही. पॉवर हॅकसॉचे जाड ब्लेड हायस्पीड पोलादाचे असेल तर धार महिनोन्‌महिने टिकते. असा चाकू मिटत नाही, त्याला म्यान लागते, आणि घासायला धीर लागतो. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांतून हिंडणाऱ्याला हे सांगायची गरज नाही.

लालबागचे नाव निघालेच आहे तर एक आठवण. 1897 मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी लालबागला कुलपे करायला घेतली हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या दोनच वर्षे आधी त्यांनी उसन्या तीन हजार रुपयांवर शस्त्रक्रियेची हत्यारे, म्हणजे पाती, चिमटे, कात्र्या बनवायचा प्रयत्न केला होता. माल चांगला होता. पण त्यावर भारतीय बनावटीचा छाप हवा, हा त्यांचा आग्रह व्यापाऱ्याला मान्य झाला नाही आणि तो धंदा तिथेच मिटला. मुंबईच्या पात्याला ती किंमत मोजावी लागली. आज चांगला मिटता चाकू घ्यायचा तर आपण आल्प्सकडे पाहतो, यात त्या छापाचाही थोडा वाटा असावा असे आम्हाला वाटते.

आता पाजवणे. नवा चाकू दुकानातून येतो तो बोरूसाठी तयार नसतो. कारखान्याची धार बहुधा एका बाजूला 20 अंशांच्या आसपास असते, भाजी-दोरी-खोक्यांसाठी ठीक. आपल्याला 15 अंश हवेत. कोनमापक लागत नाही: पाते 15 मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण 4 मिलिमीटर उचललेली असावी. 5 झाले की 20 अंश. तेवढ्या जाडीची लाकडी चीप आधी पाठीखाली ठेवून पाहावी आणि मग काढून हाताला तोच उंचवटा लक्षात ठेवायला लावावा.

दगड महागाचा नको. कार्बोरंडमचा दुहेरी दगड, एक बाजू खरखरीत आणि एक बारीक, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याच्या जोडीला वॉटर पेपर घ्यावा: 600, 1000, 2000. फ्रेमवाल्याकडून काचेचा जाड तुकडा आणून, कडा घासून घेऊन, त्यावर ओला कागद चिकटवला की तो दगडापेक्षा सपाट. एका बाजूने एकाच कोनात घासत राहायचे, दुसऱ्या बाजूला बर उठेपर्यंत. बर म्हणजे धारेवरून पलीकडे वळलेली धातूची केसभर कोर. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली पाहिजे. लागली नाही तर धार अजून तयार झालेली नाही, आणि पुढचा बारीक कागद कितीही घासला तरी होणार नाही. घाई इथेच नडते. मग बाजू बदलून तेच. मग बारीक कागद, दाब निम्मा, पुन्हा निम्मा. शेवटी चामडी पट्टा, जुना कमरपट्टाही चालेल, त्यावर हिरव्या पॉलिशची वडी चोळलेली. पात्याची पाठ पुढे, धार मागे, ओढत न्यायचे. पुढे ढकलले तर पट्टा कापला जातो.

धार कागद चिरून पाहू नये. खरखरीत, दातेरी धारही वर्तमानपत्र सरसर चिरते. तिला ओढ मिळाली की ती दाते लावते. टाक तोडताना मात्र पाते ओढले जात नाही, सरळ खाली दाबले जाते, आणि त्या दाबाला दाते चालत नाहीत. म्हणून परीक्षा बोरूवरच घ्यावी. टाकाऊ तुकड्याचे टोक आडवे कापायचे, चमकले तर ठीक.

धारवाल्याकडे चाकू द्यावा का, हा प्रश्न पत्रांतून नेहमी येतो. सायकलीवर चाक बांधून फिरणारा धारवाला विळी आणि कात्रीसाठी अजूनही देवमाणूस आहे. बोरूच्या चाकूसाठी त्याला हाक मारू नये. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेचा पातळ काठ क्षणात तापतो. 300 अंशांच्या सुमारास तो निळा पडतो आणि तेवढ्या भागातली कठिणता कायमची उतरते. मग तुम्ही घरी कितीही पाजवा, काठ वळत राहतो. निळा भाग पूर्ण घासून काढणे हाच इलाज, आणि तेवढ्यात पाते मिलिमीटरभर झिजलेले असते.

एका बाजूने पाजवावे की दोन्ही, याबद्दल या मासिकात मतभेद आहेत आणि ते राहावेत. आमचा कल एका बाजूकडे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने पात्याचे डावे अंग सपाट ठेवावे आणि सारा उतार उजव्या अंगाला द्यावा. सपाट अंग बोरूला टेकून चालते, म्हणून पाते लाकडात खोल शिरत नाही आणि लांब उतार सरळ येतो. सवय व्हायला वेळ लागतो. ज्यांना चाकू इतर कामांनाही वापरायचा आहे त्यांनी दुहेरी धारच ठेवावी.

कार्यशाळा घेणाऱ्यांना एक विनंती. स्वीडनमधल्या नेस इथे ओट्टो सालोमन यांनी एकोणिसाव्या शतकात शिक्षकांना हस्तकाम शिकवायची पद्धत बसवली, तिच्यात मुलांच्या हातात पहिले हत्यार चाकूच दिले जाई. आपल्याला इतके धाडस नको. पण प्रौढांच्या कार्यशाळेत पहिला अर्धा दिवस छाटणीला द्यायला काय हरकत आहे? अंगठ्याला चामड्याची टोपी, कोपरे अंगाशी, मांडीवर काहीही कापायचे नाही, आणि पाते चालते त्या रेषेत कुणाचाही हात नाही. टाक तोडायला खाली काच किंवा फरशी घेऊ नये, धार मरते. कठीण लाकडाची किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी.

चाकू नेण्या-आणण्याबद्दलही सांगायला हवे. शस्त्र नियमांची 9 इंच लांबी आणि 2 इंच रुंदीची मर्यादा आपल्या चाकूला लागू होण्याचा प्रश्न येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मुंबईत वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या कलमात चाकू नावानिशी आहे. सणासुदीला, मोर्च्यांच्या दिवसांत विशेष जपावे. चाकू मिटवून, कापडात गुंडाळून, बोरू-शाईच्या डब्यातच ठेवावा, म्हणजे तो कशासाठी आहे हे डबा उघडताच कळते. खिशात सुटा नको. खटक्याचा चाकू कोणत्याही डब्यात ठेवला तरी खटक्याचाच दिसतो. मेट्रोच्या तपासणीत चाकू अडवला जाऊ शकतो, त्यामुळे काळबादेवी किंवा दादरच्या कार्यशाळेला जाताना बस किंवा लोकल धरलेली बरी. विमानात तर तो हातातल्या सामानात चालतच नाही.

डावखुऱ्या वाचकांसाठी वर लिहिलेले सगळे उलट. एका बाजूने पाजवलेला तयार चाकू त्यांना सहसा मिळत नाही. त्यांनी साधा दुहेरी धारेचा चाकू घेऊन उजवे अंग सपाट करून घ्यावे आणि उतार डाव्या अंगाला द्यावा. दगडावर एका संध्याकाळचे काम आहे. टाकाचा तिरकेपणा मात्र आपला हात कागदावर कसा पडतो ते पाहून ठरवावा. रेघेच्या वरून हात वळवून लिहिणारे आणि खालून लिहिणारे, दोघांचा टाक एक नसतो.