विद्यापीठ निवडण्याची चैन

पदवीचे निकाल लागले की मराठीच्या प्राध्यापकांना दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो : एम.ए. कोणत्या विद्यापीठातून करावे? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते आणि ते बहुधा 'पुणे' हेच असते. वर्तमानपत्रांच्या मार्गदर्शन-पुरवण्या, स्पर्धा परीक्षांचे वर्ग, आधीच तिकडे गेलेले गावातले दोघेचौघे आणि आमचे काही व्यवसायबंधू यांनी मिळून ते तयार केलेले असते. राज्यात सार्वजनिक विद्यापीठे पुष्कळ आहेत, त्यांतून विद्यार्थ्याने उत्तम ते निवडावे, निवड फसली तर दोष त्याचा, असे या सगळ्या सल्ल्यामागचे गृहीतक आहे. आमचा आक्षेप या गृहीतकावर आहे. ज्याला निवड म्हटले जाते ती महाराष्ट्रातल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतच नाही. ज्या थोड्यांच्या वाट्याला येते त्यांच्यापासून निवडीसाठी लागणारी माहितीच दडलेली असते. आणि शासनाने करावयाचे जे काम केलेले नाही, त्याचा भार 'निवड' या गोंडस शब्दाखाली विद्यार्थ्याच्या कुटुंबावर टाकला जातो.

आधी नकाशा पाहू. मुक्त विद्यापीठ, समूह विद्यापीठे आणि एकेका विषयाला वाहिलेली विद्यापीठे बाजूला ठेवली, तर पारंपरिक विद्याशाखा शिकवणारी ११ राज्य विद्यापीठे महाराष्ट्रात आहेत. मुंबई १८५७ चे, महिलांसाठीचे एसएनडीटी १९१६ चे, नागपूर १९२३ चे. पुण्याच्या विद्यापीठाचा कायदा १९४८ चा. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली आले. त्यानंतर अमरावती १९८३, जळगाव १९९०, नांदेड १९९४, सोलापूर २००४ आणि गडचिरोलीचे गोंडवाना २०११. एसएनडीटी वगळता प्रत्येकाच्या वाट्याला काही जिल्हे आलेले आहेत, आणि त्या जिल्ह्यांतली महाविद्यालये त्या विद्यापीठाला संलग्न आहेत. घरी राहून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याचे विद्यापीठ त्याच्या जन्मगावाने ठरते. शिधापत्रिकेवर जसा दुकानाचा क्रमांक असतो तसे ते असते. त्याला निवड म्हणायचे असेल तर म्हणावे.

या नकाशाचा तर्कही नेहमी समजतो असे नाही. सावंतवाडीचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचा. मुंबई त्याच्यापासून सुमारे ५०० किलोमीटरवर. घाट चढून कोल्हापूरला जायचे तर अंतर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. १९८५ साली स्थापन झालेले गोवा विद्यापीठ याहूनही जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात. उलट सोलापूरचे विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे. गोंडवाना दोन जिल्ह्यांचे खरे, पण सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे. 'जवळचे विद्यापीठ' हा शब्दप्रयोग नकाशावरून बोटे फिरवणाऱ्यालाच शोभतो. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघून शेवटच्या एस.टी.ने परतणाऱ्याच्या तोंडी तो येत नाही.

आता ज्यांना घर सोडून जाणे परवडते त्यांचा विचार करू. त्यांना पुण्याला जावेसे वाटते यात गैर काही नाही, आणि पुण्याची टिंगल करण्याचा आमचा हेतूही नाही. ग्रंथालये, पुस्तकांची दुकाने, व्याख्याने, नाटके, अभ्यासाला बरोबर बसणारे मित्र हे तिथे खरोखरच आहे, आणि आपल्या गावी ते नाही हे त्या मुलाला कळते. पण यातले किती विद्यापीठाचे आहे आणि किती शहराचे, हे कोणी सांगत नाही. शहराने शंभर-दीडशे वर्षांत साठवलेल्या सांस्कृतिक भांडवलावर विद्यापीठाची पत चालते, आणि ही पत म्हणजेच अध्यापनाचा दर्जा असे मानून आपण मोकळे होतो. शिवाय त्या नावाखाली शिकणारे सगळेच गणेशखिंडीच्या आवारात शिकत नाहीत. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालये त्याच विद्यापीठाची आहेत. अकोल्यातल्या किंवा सुरगाण्यातल्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवरही तेच नाव छापले जाते. त्याला 'पुण्यात शिकलेला' कोणी म्हणत नाही.

कायद्याच्या दृष्टीने सर्व विद्यापीठांची पदवी सारखी आहे. नेट सगळ्यांना एकच. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुण्याचे विद्यापीठ घेते, पण ती देणाऱ्याची एम.ए. कुठली, यावर त्याचे गुण अवलंबून नसतात. २०२३ साली सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी पीएच.डी.ची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने काढून टाकली. नेट-सेट ही किमान पात्रता पुरेशी ठरली. म्हणजे परीक्षेच्या दारात सगळे सारखे आहेत. असमानता त्याआधीच्या दोन वर्षांत घडते : वर्गात कोण शिकवते, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, निबंध लिहिल्यावर तो वाचून परत देणारे कोणी आहे का, यांत ती असते. नेमकी हीच माहिती निवड करणाऱ्याला कुठेही एकत्र मिळत नाही.

तिच्याऐवजी त्याला मिळते ती क्रमवारी. २०१६ पासून राष्ट्रीय क्रमवारीच्या याद्या प्रसिद्ध होतात, आणि त्या आल्या की प्रवेशद्वारांवर फलक लागतात. या क्रमवारीत संशोधनाचे माप काढताना ज्या आंतरराष्ट्रीय नोंदसूचींचा आधार घेतला जातो, त्यांत मराठी नियतकालिके जवळजवळ नसतातच. महानुभाव गद्यावर, लोकनाट्यावर किंवा बोलींवर मराठीत लिहिलेला उत्तम निबंध त्या गणितात शून्य धरला जातो. विद्यापीठाविषयी लोकांचा समज काय आहे, यालाही तिथे स्वतंत्र गुण असतात. म्हणजे पत आहे म्हणून गुण, आणि गुण आहेत म्हणून पत. मराठीचा विद्यार्थी रसायनशास्त्राच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या शोधनिबंधांच्या बळावर वर गेलेले नाव पाहून आपला विभाग निवडतो, आणि याला आपण जाणीवपूर्वक केलेली निवड म्हणतो!

मराठीच्या ज्ञानव्यवहाराचा इतिहास वेगळेच सांगतो. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत होते, तिथेच प्राचार्य झाले आणि १९८२ साली गेले. नांदेडला विद्यापीठ आले १९९४ साली. औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले, तेव्हा त्या शहराला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि तिथली महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाकडे पाहत होती. पुढे मिलिंद म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या महाविद्यालयाच्या आवारात म. ना. वानखडे आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारखी माणसे होती. दलित साहित्याच्या चर्चेचे एक महत्त्वाचे केंद्र तिथे उभे राहिले आणि पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' त्याच शहरातून निघाले. वि. भि. कोलते यांनी विदर्भात राहून महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनाचा भक्कम पाया घातला. यांपैकी कोणाचेही मोठेपण विद्यापीठाच्या पतीतून आलेले नाही. योग्य माणूस, त्याला स्थैर्य देणारी नोकरी, बऱ्यापैकी ग्रंथालय आणि वीस-पंचवीस जिज्ञासू मुले एवढ्यावर ते उभे राहिले.

ही उदाहरणे सांगून 'गावातच राहा' असा उपदेश आम्ही करीत नाही. तो उपदेश करणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे, आणि पुण्याकडे बोट दाखवणाऱ्यांइतकाच तो घातक आहे. 'ज्ञानाची गंगा आपल्या दारी आली' अशी भाषणे प्रत्येक नव्या विद्यापीठाच्या आणि उपकेंद्राच्या उद्‌घाटनाला होतात. इमारत उभी राहते, कुलगुरू येतात. मात्र पदे येत नाहीत. सार्वजनिक विद्यापीठांतल्या आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या मंजूर पदांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे रिक्त आहे, आणि वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात आणि तेही महिनोन्महिने थकतात. सुट्टीतले पैसे नाहीत, पुढच्या वर्षीची खात्री नाही. त्यांच्यात उत्तम शिकवणारे पुष्कळ आहेत. पण दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करून तास भरणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्याचा निबंध कधी वाचावा? ज्या कुरुंदकरांचे आपण गोडवे गातो, ते आज तासिका तत्त्वावर असते तर त्यांनी काय लिहिले असते, याचा विचार जरूर करावा.

पदे देण्यापेक्षा नाव देणे स्वस्त पडते. याला एक थोर अपवाद आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत माणसांनी त्या नावासाठी जीव दिला, घरे जाळली गेलेली पाहिली. ज्ञानावर हक्क कोणाचा, हा त्या लढ्याचा प्रश्न होता. त्यानंतर नावे देण्याचा शासकीय हात सैल झाला. नागपूरला तुकडोजी महाराजांचे (२००५), पुण्याला सावित्रीबाईंचे (२०१४), जळगावला बहिणाबाईंचे (२०१८), सोलापूरला अहिल्यादेवींचे (२०१९) नाव मिळाले. नावे सगळी आदरणीयच आहेत, आणि म्हणूनच त्यांचा हिशेब मागायला हवा. सावित्रीबाईंचे नाव लावणाऱ्या व्यवस्थेत मुलीला वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून तिचे शिक्षण तालुक्यालाच थांबत असेल, तर नावाचा उपयोग काय?

मुलींचा प्रश्न इथे स्वतंत्रपणे मांडायलाच हवा, कारण निवडीचा भ्रम सर्वांत आधी त्यांच्या बाबतीत फुटतो. भाऊ आणि बहीण सारख्या गुणांनी उत्तीर्ण झाले तर खोलीभाड्याचे पैसे कोणासाठी काढले जातात, हे आम्ही वर्गातल्या हजेरीपटावरून सांगू शकतो. आमच्या एम.ए.च्या वर्गात मुली बहुसंख्य आहेत. त्यांतल्या पुष्कळजणी इथे आहेत त्या आमचे महाविद्यालय त्यांनी निवडले म्हणून नव्हेत. संध्याकाळच्या आत घरी पोहोचता येईल असे ते एकच होते म्हणून आहेत. त्यांना 'पुण्याला का गेली नाहीस?' असे विचारणाऱ्या सल्लागारांनी आधी वसतिगृहांतल्या जागा मोजाव्यात. अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाची स्वाधार योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्यासाठी ती साहाय्य करते. निवड खरी करायची असेल तर पैसे कशावर खर्च करावे लागतात, याचे उत्तर त्या योजनेत आहे. ते सर्व गरजूंपर्यंत आणि वेळेवर पोहोचवणे तेवढे राहिले आहे.

मग करावे काय? आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक विद्यापीठाने आणि पदव्युत्तर वर्ग चालवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेश सुरू होण्यापूर्वी विषयवार तक्ता जाहीर करावा : मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणती अभ्यासपत्रिका कोण शिकवणार, ग्रंथालयात त्या विषयाची पुस्तके किती, वसतिगृहात जागा किती. हा तक्ता कोणत्याही क्रमवारीपेक्षा अधिक बोलेल. दुसरे, २०२१ पासून श्रेयांक बँकेची तरतूद झालेली आहे. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता येतात असे कागद सांगतो. आमच्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याला त्याचा उपयोग झालेला नाही. सावंतवाडीच्या मुलीला एक सत्र कोल्हापूरला आणि नागपूरच्या मुलाला एक सत्र रिद्धपूरला, राहण्याच्या खर्चासह, करता आले पाहिजे. रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, आणि २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला आहे. या दोन्हींचे मोल आम्ही याच कसोटीवर ठरवू : मराठी शिकवणारी किती माणसे कायम झाली?

हे होईपर्यंत विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की विद्यापीठाचे नाव विचारू नका, विभागात जा. तास चालू असताना जा. वर्गात किती मुले बसली आहेत ते पाहा, शिकवणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत काय लिहिले आहे ते मागून वाचा, ग्रंथपालाला दोन पुस्तकांची नावे सांगा आणि ती हातात येतात का बघा. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, की निबंध कोणी तपासून दिला होता का. या परीक्षेत नामांकित आवारातले विभाग नापास होतील आणि आडगावातले काही उत्तीर्ण होतील.

आणि मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना एक विनंती. 'एम.ए. कुठून करू?' असे विचारणाऱ्या मुलाला शहराचे नाव सांगण्याआधी आपल्याच विभागातल्या रिक्त जागांचा आकडा सांगा, आणि त्या कधी भरणार, हे त्याच्यासमोर विद्यापीठाला लेखी विचारा. आलेले उत्तर सूचनाफलकावर लावा. उत्तर आले नाही, तर निदान आपले पत्र तरी लावा.