नापास कोण?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला नापास करण्यास मनाई केली आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सक्तीचे केले. हेतू स्पष्ट होता: मूल कोठे अडते हे शिक्षकाने वेळीच ओळखावे आणि तेथेच त्याला हात द्यावा. त्यासाठी लहान वर्ग, पुरेसे शिक्षक व प्रशिक्षण हवे होते. प्रत्यक्षात शिक्षकांच्या हाती पडल्या त्या नोंदवह्या! ‘वर्णनात्मक नोंदी’ भरणे म्हणजेच मूल्यमापन, असा अर्थ महाराष्ट्रातील शाळाशाळांतून रूढ झाला.

मुले वाचण्यात मागे पडली, तेव्हा दोष कोणाच्या माथी आला? २०१९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली; २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती स्वीकारली. फेरपरीक्षेतही अपयशी ठरलेले मूल आता त्याच वर्गात बसणार. धनिकांच्या मुलाला शिकवणीचा आधार आहे. ऊसतोड मजुराच्या मुलाला शाळेखेरीज कोण आहे?

धोरण राबविले नाही शासनाने, शिक्षा मात्र दहा वर्षांच्या पोराला. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांत हाच जाब विचारला पाहिजे: मुलाची परीक्षा घेण्यापूर्वी शासनाने आपली उत्तरपत्रिका दाखवावी.