पंचनद आणि ऐयारु

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या तीरी तिरुवैयारु हे गाव आहे. संगीतप्रेमी त्याला त्यागराजांचे गाव म्हणून ओळखतात. काही वर्षांपूर्वी तेथे जाण्याचा योग आला, तेव्हा माझे लक्ष प्रथम गेले ते गावाच्या नावाकडे. मराठीच्या अध्यापकांना ही खोडच असते. 'तिरु' म्हणजे पवित्र, 'ऐ' हे पाच या संख्येचे रूप आणि 'आरु' म्हणजे नदी. संस्कृतात याच गावाला 'पंचनद' म्हणतात. म्हणून तेथील शिव संस्कृतात पंचनदीश्वर होतो, तर तमिळमध्ये ऐयारप्पर. पोथीत पहिले नाव, बाजारात दुसरे. गंमत अशी की, तमिळमध्ये 'आरु' म्हणजे सहा असाही अर्थ होतो. पण गावाचे नाव ऐकून कोणी पाच आणि सहा यांची बेरीज करीत बसत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, आपल्या अध्ययनातही हाच प्रश्न पदोपदी उभा राहतो. उत्तर लिहिताना, निबंध लिहिताना शब्द कोणता वापरावा? पोथीतला की बाजारातला? शास्त्रीय लेखनासाठी अर्थ ठरवून घेतलेले जे शब्द असतात त्यांना आपण पारिभाषिक शब्द म्हणतो, आणि पुष्कळ विद्यार्थ्यांना हे शब्द म्हणजे अवघड संस्कृत शब्द असे वाटते. माझ्या मते हा समज चुकीचा आहे, आणि तो पसरविण्यात आम्हा पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांचा वाटा लहान नाही.

अवघडपणा हे परिभाषेचे लक्षण नव्हे. निश्चितपणा हे आहे. याचे उत्तम उदाहरण तिरुवैयारूतच मिळते. त्यागराजांच्या आराधनेसाठी दरवर्षी तेथे गायक-वादक जमतात. तेथे एखाद्या गायकाने 'भैरवी' म्हटले आणि पुण्याच्या मैफलीत दुसऱ्याने 'भैरवी' म्हटले, तर दोघे निरनिराळ्या रागांविषयी बोलत असतात. हिंदुस्थानी भैरवीचे स्वर कर्नाटक पद्धतीतील तोडीच्या स्वरांशी जुळतात. आणि हिंदुस्थानी तोडी ही आणखी वेगळीच. शब्द तोच, सोपा, कानाला परिचित, तरीही लिहिणाऱ्याने कोणत्या पद्धतीतील भैरवी ते सांगितले नाही तर सगळे विवेचन फसते. तसेच 'पल्लवी' या संज्ञेचे. कर्नाटक रचनेच्या पहिल्या भागाला पल्लवी म्हणतात, म्हणून तिचे 'स्थायी' असे भाषांतर करण्याचा मोह होतो. पण दोन्ही पद्धतींत त्या भागाचे काम तंतोतंत सारखे नाही. तेथे मूळ शब्द ठेवावा आणि एका वाक्यात त्याचा अर्थ सांगावा, हे बरे.

मराठीत हा विचार आजचा नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश रचला आणि राज्यकारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्या काळी मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. यांपैकी 'सचिव' आजही शासनात मानाने नांदतो. 'सुमंत' बहुधा आडनावापुरता उरला. आणि 'पेशवा' हा शब्द, 'प्रधान' हा पर्याय सिद्ध असतानाही, १८१८ पर्यंत गाजत राहिला. कोणता शब्द टिकेल हे कोशकार ठरवू शकत नाही. तो फक्त शब्द पुढे करतो.

तंजावरला याच भोसले कुळाची दुसरी शाखा राज्य करीत होती. तेथील दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे विद्याव्यासंगी. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले. त्यांच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकाची मला फार मौज वाटते. कुरवंजी हा तमिळ प्रदेशातील लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यातील भविष्य सांगणारी भटकी स्त्री आपल्या डोंगरांचे, आपल्या देशाचे वर्णन करते, ही तेथील प्रेक्षकांच्या ओळखीची गोष्ट. सरफोजींनी तिच्याच तोंडून जगाचा भूगोल सांगविला, आणि तोही मराठीतून. ज्ञान युरोपातून आलेले, साचा तमिळ, भाषा मराठी! आधी ओळखीची व्यक्ती रंगमंचावर आणावी आणि मग तिच्याकडून अनोळखी नावे ऐकवावीत, ही त्यांची रीत आमच्या समितीच्या बैठकीत अनेकदा आठवावी अशी आहे.

आता माझ्या एका चुकीविषयी. पुष्कळ वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासताना 'निष्कर्ष लिहा' या प्रश्नाखाली एका परीक्षार्थीने लिहिले होते, "म्हणजे या सगळ्यावरून मला असे कळते की...". पुढचे वाक्य अचूक होते. मी मात्र भाषा बोलीवळणाची म्हणून गुण कापले. शेजारच्या उत्तरपत्रिकेत 'निष्कर्ष' हा शब्द चार वेळा होता आणि खाली दिलेल्या उताऱ्याचा निव्वळ सारांश होता. तिला मी अधिक गुण दिले. सारांश म्हणजे सांगितलेले थोडक्यात पुन्हा सांगणे. निष्कर्ष म्हणजे सांगितलेल्यावरून जे निघते, पण अजून कोणी सांगितलेले नाही, ते सांगणे. पहिल्या परीक्षार्थीला हा भेद कळला होता, दुसऱ्याला नव्हता, आणि त्या दिवशी तो मलाही कळला नाही.

असे आणखी काही शब्द आहेत की जे रोजच्या बोलण्यात एका अर्थाने येतात आणि अभ्यासात दुसऱ्या. 'टीका' घ्या. घरात टीका म्हणजे दोष काढणे. परंतु ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे असे आपण म्हणतो, तेव्हा अर्थ उलगडून दाखविणे हा हेतू असतो. 'गृहीतक' हा शब्द पाहून दचकणाऱ्या गृहिणीला "घरात सगळे मला गृहीत धरतात" हे वाक्य सहज सुचते. सिद्ध न करता, विचारपूस न करता मानून घेतलेले, तेच गृहीतक. मत, अनुमान आणि पुरावा यांचा गोंधळ तर सुशिक्षितांच्या लेखनातही आढळतो. ढग पाहून पाऊस येईल म्हणणे हे अनुमान, ढग हा पुरावा, आणि पाऊस नकोसा वाटतो हे मत.

प्रौढ विद्यार्थी रिकाम्या हाताने शाळेत येत नाही. गवंड्याजवळ ओळंबा असतो, गुण्या असतो. भिंत सरळ आहे की नाही हे तो ओळंब्याने पाहतो आणि कोपरा गुण्याने. भूमितीच्या पुस्तकातील 'लंब' आणि 'काटकोन' यांना तो नावाने ओळखत नसेल, पण त्यांच्याबरोबर त्याने आयुष्य काढलेले असते. ओळंबा आणि लंब हे तर एकाच कुळातील शब्द. आमच्या समितीत एकदा वाद झाला की, असे व्यवसायातील शब्द पाठ्यपुस्तकात घेतल्यास भाषेचा दर्जा खालावेल. मी असहमत होते, आजही आहे. ज्याला शब्द फोडून सांगता येतो त्याने तो वापरावा, मग तो संस्कृत असो, फारसी असो की इंग्रजीतून आलेला 'बँक' किंवा 'टेबल' असो. ज्याला सांगता येत नाही त्याने 'संकल्पनात्मक परिप्रेक्ष्य' असले काही लिहून परीक्षकाला भिववू नये.

मात्र 'मग परिभाषा हवीच कशाला?' असेही कोणी म्हणू नये. तंजावरकडे पुन्हा पाहा. १८५५ मध्ये राजे निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. दरबार संपला तशी मराठीतून हिशेब लिहिण्याची, वैद्यक व भूगोल सांगण्याची गरजही संपत गेली. तेथील मराठी कुटुंबांनी आपली बोली घरात जपली, हे त्यांचे मोठेच ऋण. पण मुलांची शाळा तमिळ आणि इंग्रजीतून झाली. जेवणाखाणाचे, नात्यागोत्याचे, सणावारांचे शब्द पुढच्या पिढ्यांकडे गेले. विद्येचे शब्द मोडी लिपीच्या रुमालांत बांधलेले राहिले. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्या कागदांपैकी काहींची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली आहेत. मराठी पूर्वजांनी काय लिहिले हे समजून घेण्यासाठी तेथील मराठीभाषक वाचकाला आज तमिळ पुस्तक उघडावे लागते.