डब्यावरचे चिन्ह

आमच्या दुकानातील फळीवर नोझलचे छोटे डबे ओळीने मांडलेले असतात. त्यांतल्या काहींवर वर्तुळातले, इंग्रजी 'एच'सारखे दिसणारे एक चिन्ह आहे. आमचे दुकान डिझेल पंप दुरुस्तीचे. माझे वडील, अण्णा, सातवीपर्यंत शिकले. पुढचे सगळे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली झाले. ते चिन्ह मी लहानपणापासून पाहत आले आणि अण्णांप्रमाणे मीही त्याला 'एच'च म्हणत आले.

गेल्या वर्षी वाचता वाचता त्याचा अर्थ कळला. ते अक्षर नव्हेच! मॅग्नेटो नावाच्या यंत्रात जे आर्मेचर असते, त्याचा तो आडवा छेद. बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९१८ साली हे चिन्ह तयार केले. मोठ्या ऐटीत मी घरी येऊन अण्णांना हे सांगितले. त्यांनी डबा हातात घेऊन निरखला आणि म्हणाले, "बरोबर आहे. ह्या दोन बाजूंच्या खाचांत तार गुंडाळत असणार." मी वाचून आले होते खरी, पण त्या खाचा कशासाठी, हे मला ठाऊक नव्हते. अण्णांना न वाचता कळले!

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. यंत्राचा वारसा म्हणतात तो नेमका कुठे असतो?

रॉबर्ट बॉश हा शेती आणि खानावळ चालवणाऱ्या बापाच्या बारा मुलांपैकी अकरावा. १८८६ साली त्याने जर्मनीतील स्टुटगार्ट येथे एक कारागीर आणि एक पोऱ्या एवढ्यांना घेऊन कारखाना काढला. त्या काळी पेट्रोल इंजिनात ठिणगी वेळेवर पाडणे हेच महाकठीण होते. लालबुंद तापवलेली नळी वापरावी तर आगीचे भय, बॅटरी वापरावी तर ती वाटेत संपणार. इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज निर्माण करणारा मॅग्नेटो बॉशच्या कारखान्याने १८९७ साली एका तीनचाकी गाडीवर बसवला. १९०२ साली होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी बनवली. १९२७ साली डिझेलचा पंप आला आणि अवजड कॉम्प्रेसरवाचून डिझेल इंजिन वाहनात बसू लागले. १९३६ ची मर्सिडीज २६० डी ही डिझेल मोटार आणि १९५४ ची पंखांसारखी दारे उघडणारी ३०० एसएल, या दोन्ही गाड्यांच्या पोटात बॉशचेच पंप होते. लोकांनी कौतुक केले ते गाड्यांचे. पंप कोणाला दिसतो?

हा वारसा आपल्या दारापर्यंतही आला आहे. १९५१ साली बंगळूरला 'मायको' कंपनी स्थापन झाली. पुढे नाशिकजवळ सातपूरलाही तिचा कारखाना निघाला. २००८ साली तिचे नाव 'बॉश लिमिटेड' झाले. पण आमच्याकडे ट्रॅक्टर घेऊन येणारे शेतकरी अजूनही 'मायकोचा पंप' असेच म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी शहरातील एका हौशी गृहस्थांची जुनी डिझेल जीप दुकानात आली होती. चार ठिकाणांहून परत आलेली. अण्णांनी पंप खोलला, एलिमेंट धुऊन पाहिले. एलिमेंट म्हणजे दट्ट्या आणि त्याची नळी. दोहोंमधली फट केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही कमी असते. दोन्ही भाग एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एका पंपाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. अण्णांनी जपून ठेवलेली एक जुनी जोडी बसवली, टेस्ट बेंचवर पंप लावला आणि जीप सुरू झाली. पुढे जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात त्या जीपला बक्षीस मिळाले. फोटो आला तो मालकाचा आणि जीपचा.

मालकांचा दोष नाही. त्यांनी मजुरी चोख दिली. दोष आपल्या सर्वांच्या नजरेचा आहे. वारसा म्हटला की आपल्याला चकचकीत पत्रा दिसतो. मला वाटते, जुनी गाडी म्हणजे तिचे सुटे भाग आणि ते ओळखणारे हात. हे दोन्ही संपले की उरतो तो नुसता सांगाडा. बॉशने जुने दस्तऐवज जपले, जुन्या गाड्यांसाठी सुटे भाग पुरवण्याचे कामही ती कंपनी करते, ही गोष्ट मला म्हणूनच मोलाची वाटते.

कोणी म्हणेल, कंपनीने आपला इतिहास सांगणे म्हणजे जाहिरातच! हा आक्षेप अगदीच खोटा नाही. याच कंपनीने १९०६ साली आठ तासांचा दिवस लागू केला. आणि याच कंपनीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारो लोकांना वेठबिगार म्हणून राबवले गेले. कंपनीच्या इतिहासात आज हे पानही नोंदलेले आहे. खरा वारसा सांगायचा तर दोन्ही पाने उघडी ठेवली पाहिजेत. त्या वेठबिगारांच्या हातांनीही भाग घडवले होते.

आता १९९७ नंतर आलेल्या कॉमन रेलने आणि २०२० पासूनच्या बीएस-६ ने जुन्या पंपांचे दिवस सरत आले आहेत. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पंपाचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर मार खातो आहे हे सांगणारे कान अण्णांच्या पिढीबरोबर जातील. ते कुठल्या पुस्तकात उतरले आहेत?

एक कबुली देते. प्रवेश अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहिताना मी 'दुकान' एवढेच लिहिले होते. डिझेलचा वास कागदाला लागेल असे मला वाटले असावे! घरातली कॉलेजात येणारी मी पहिली. त्यामुळे इतिहास म्हणजे राजे आणि तह अशीच माझी समजूत होती.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या तालुक्यात असे कितीतरी फिटर, टर्नर, वायंडर आहेत. इतिहास विभागाने आम्हा विद्यार्थ्यांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवावे, त्यांचे शब्द आणि त्यांची युक्ती लिहून घ्यायला लावावी, अशी आमच्या गुरुजनांना माझी विनंती आहे. मी सुरुवात केली आहे. वहीच्या पहिल्या पानावर ते चिन्ह काढले आहे आणि खाली अण्णांनी सांगितल्याप्रमाणे लिहिले आहे, 'ह्या खाचांत तार गुंडाळतात.'

यंदाच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय मी पूर्ण लिहिला, 'डिझेल पंप दुरुस्ती'.