कुणी भडकावलं?

बरेच दिवस हे मनात घोळत होतं. आज लिहूनच टाकतो. नातेवाईक मंडळी हे वाचणार, त्यातले दोन-तीन जण फोनही करणार, हे माहीत आहे. करा. पण आधी शेवटपर्यंत वाचा.

माझा राग एका शब्दावर आहे. 'भडकावलं'. "त्यांना काय कळतंय हो, कुणीतरी भडकावलंय." डहाणू-तलासरीकडे मोर्चा निघाला की आमच्या घरातलं, शेजारच्या वाडीतलं, स्टेशनवर भेटणाऱ्या ओळखीच्यांचं पहिलं वाक्य हेच. २०११ साली इजिप्तमध्ये लाखो माणसं तहरीर चौकात उतरली, तेव्हा हीच मंडळी टीव्हीसमोर बसून म्हणत होती, "वा! जनता जागी झाली!" कैरोतली जनता जागी होते आणि तलासरीतली भडकते. हा काय न्याय आहे?

ज्यांना आपला इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ठाणे जिल्ह्याचे डहाणू आणि उंबरगाव तालुके. आजचं तलासरी तेव्हा उंबरगावात होतं. जमीन मूळची वारल्यांची, पण सातबारा सावकार-जमीनदारांचा. वारली कूळ, आणि शिवाय मालकाच्या शेतावर वेठ. बोलावलं की जायचं, मजुरी मिळाली तर मिळाली. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही मालकाकडे राबायला बांधली जायची. त्याला 'लग्नगडी' म्हणत. फेडीचा हिशोब मालकाच्या वहीत, आणि गड्याला वाचता येत नसे. नाही म्हणणाऱ्याला मार.

हे लाल बावट्यावाल्यांनी रंगवून सांगितलेलं नाही बरं का. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासी भागाची पाहणी केली, तिचा अहवाल १९३९ चा आहे. वेठ, मारहाण, नगण्य मजुरी, सगळं त्यात आहे. म्हणजे वारल्यांच्या उठावाच्या सहा वर्षं आधी सरकारदरबारी कागदावर सगळं नोंदलेलं होतं. सरकारने ते वाचलं आणि पुढे काही बदललं नाही. आता सांगा, सिमिंग्टनसाहेबाला कुणी भडकावलं होतं?

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथे काही वारली जाऊन आले. मग २३ मे १९४५ ला झरी गावात सभा भरली, पाचेक हजार वारली जमले. ठराव काय झाले ते पाहा. वेठ करायची नाही. मालकाच्या खाजगी शेतावर रोज बारा आणे रोख घेतल्याशिवाय काम करायचं नाही. मारलं तर मुकाट्याने सोसायचं नाही. एकी ठेवायची. बास. यात क्रांती कुठे आहे? कामाचा पैसा मागितला, आणि मारू नका म्हणाले. एवढ्याने सगळा परगणा हादरला, यावरून आधी काय चाललं होतं याचा अंदाज घ्या.

त्यानंतर गवत कापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. लोक तिथे जमले होते ते अफवा ऐकून, बाईंच्या जिवाला धोका आहे म्हणून. बाई म्हणजे गोदावरी परुळेकर. ही अफवा पसरवण्यात जमीनदारांचा हात होता असं बाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिलं आहे. ते खरं धरलं तर त्या दिवशी भडकावणारे कोण होते, याचं उत्तर आपल्या मंडळींना जरा अडचणीचं आहे.

संप मोडला नाही. दर मान्य करावा लागला. पुढच्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला. तोवर मुंबई प्रांतात आपलं, काँग्रेसचं सरकार आलं होतं आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. त्यांनी काय केलं? पुढाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार केलं. समजूत तीच, की बाहेरचे हलवले की आतले गप्प बसतील. पुढारी गेले तरी वारली संपावरच राहिले. १९४७ च्या जानेवारीत नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. भडकावणारा दूर केल्यावर भडका विझायला हवा होता ना?

आता माझ्या काकांचा ठरलेला मुद्दा. "अरे, पण परुळेकर पतिपत्नी बाहेरचीच होती ना?" होय काका, बाहेरची होती. गोदावरीबाई पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर. शामराव कामगार चळवळीतले. त्यांच्याशिवाय हे असं झालं असतं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी आणलं काय? सभा कशी घ्यायची, मागणी कशी ठरवायची, संप मोडू द्यायचा नाही म्हणजे काय करायचं, हे आणलं. राग नाही आणला. राग इथलाच होता, पिढ्यान्‌पिढ्या साठलेला. काडी कुणी ओढली हे आपण विचारतो, गवत इतकं वाळलं कसं हे विचारत नाही. कारण त्याचं उत्तर आपल्याच घरापर्यंत येतं. आमच्या आजोबांची चिकूची वाडी छोटीशी होती, पण तिच्यात राबणारे हात कुणाचे होते हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.

अरब देशांतही सत्ताधाऱ्यांचा शब्द हाच होता. १७ डिसेंबर २०१० ला ट्युनिशियात सिदी बूझिदमध्ये मोहम्मद बुअझीझी नावाच्या फळविक्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्याचा माल आणि तराजू जप्त झाला होता. त्याला शिकवायला कुणी गोदावरीबाई गेल्या नव्हत्या. तरी लोक रस्त्यावर आले तेव्हा राष्ट्राध्यक्ष बेन अली म्हणाले, मूठभर चिथावणीखोर आहेत. लिबियात गद्दाफींनी तर कमाल केली, पोरांना कॉफीतून गोळ्या देतायत म्हणाले! आपल्याकडे ते 'फेसबुकवाल्यांचं बंड' म्हणून वाचलं गेलं. पण इजिप्तमध्ये महल्लाच्या कापड गिरण्यांत २००६ पासून संप चालू होते, आणि पहिल्या संपात आधी बाहेर पडल्या त्या बायका. ट्युनिशियात जुनी कामगार संघटना लोकांच्या पाठीशी होती. फेसबुकने निरोप पोचवला. मजुरीचा प्रश्न फेसबुकच्या आधीचा आहे, तिथेही आणि इथेही.

"पण शेवटी काय मिळालं त्यांना?" हा दुसरा ठरलेला मुद्दा. खरं आहे, इजिप्तमध्ये २०१३ ला लष्कर परत आलं. ट्युनिशियात २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसदच गुंडाळली. सीरियात असद जायला २०२४ चा डिसेंबर उजाडला, आणि मधल्या तेरा वर्षांच्या युद्धाने देशाची राखरांगोळी झाली. हे हलक्यात घेण्यासारखं नाही. पण आपल्याकडचा हिशोबही मांडा. वेठ गेली. लग्नगडी गेला. जमीन पूर्ण मिळाली नाही. २००६ चा वनहक्क कायदा झाला, तरी दाव्यांसाठी खेटे घालणं चालूच आहे. म्हणजे अर्धं मिळालं. पण माणूस म्हणून उभं राहायला मिळालं, ते अर्धं नव्हे. ज्याला कधी वेठीला जावं लागलं नाही त्यानेच विचारावं, काय मिळालं म्हणून!

हा शब्द अजून मेलेला नाही, म्हणून एवढं लिहिलं. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी-आदिवासी चालत आले, दहावीच्या मुलांना परीक्षेत त्रास नको म्हणून शेवटची रात्रभर चालले, तर त्यांना शहरी माओवाद्यांनी आणलं असं ऐकायला मिळालं. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. त्याला विरोध करणाऱ्या मच्छीमारांबद्दलही घरात तेच वाक्य. बंदर हवं की नको यावर आपलं मत वेगळं असू शकतं, जरूर वाद घालू. पण समुद्रावर जगणाऱ्याला समुद्र जाण्याची भीती वाटायला दुसऱ्याने शिकवावी लागते, हे मी मान्य करणार नाही.

असो. विनंती एकच. पुढच्या वेळी चारोटी नाक्यावर मोर्च्यामुळे गाडी अडकली तर हॉर्न वाजवण्याआधी खाली उतरा आणि कुणालाही विचारा, मागणी काय आहे? ते सांगतील. ऐकून मग वाटल्यास म्हणा की मागणी चुकीची आहे. ते त्याला उत्तर देतील, आणि बहुतेक तुमच्यापेक्षा बरं देतील. पण त्यांना स्वतःचं डोकं नाही असं समजून बोलणं आता बंद करूया. निदान आपल्या घरात तरी.