कौल देणाऱ्याने हिशेब मागावा

देवाच्या उत्सवात पुढाऱ्याने यावे, रांगेत उभे राहावे, तीर्थप्रसाद घ्यावा आणि घरी जावे, यास आमची कोणतीही हरकत नाही. देवापुढे मंत्री आणि मजूर सारखेच; दर्शनाचा हक्क जेवढा एकाचा तेवढाच दुसऱ्याचा. आमची तक्रार दर्शनाबद्दल नसून त्याच्या छायाचित्राबद्दल आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्र उघडावे तो पालखी एका कोपऱ्यात, उत्सवमूर्ती दृष्टीआड, आणि मध्यभागी हात जोडलेले साहेब! देवळाच्या वाटेवर देवाच्या नावाची कमान एक आणि शुभेच्छुकांचे फलक वीस. भाविक ज्या विश्वासाने देवाकडे पाहतो, त्या विश्वासातला थोडा वाटा चित्रात शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पदरात नकळत पडावा, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू होय. तो हेतू ओळखणे हे भाविकाचे आणि नागरिकाचेही कर्तव्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत कायदा मुका नाही. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखण्यासाठी संसदेने १९८८ साली स्वतंत्र कायदा केला. देवस्थानची जागा राजकीय प्रचारास देऊ नये, एवढेच तो सांगत नाही; देवस्थानच्या विद्यमाने होणारा उत्सव, समारंभ किंवा मिरवणूक राजकीय कार्यासाठी वापरू देता कामा नये, असेही तो बजावतो. निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या उमेदवाराचा प्रचारही तो राजकीय कार्यातच धरतो. पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात आहे, आणि जबाबदारी प्रथम देवस्थानच्या व्यवस्थापकांवर टाकलेली आहे. प्रत्येक फलक वा छायाचित्र या कायद्याच्या कक्षेत येईलच असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांना उत्सवाचे पावित्र्य राखावयाचे आहे, त्यांनी कायद्याच्या काठाकाठाने चालण्यात भूषण ते कोणते?

राजकारणाने वृत्तपत्रांचा आश्रय घ्यावा, यात नवल नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून राहावा, या प्रश्नावर दोन मराठी दैनिकेच समोरासमोर उभी ठाकली होती. ‘गोमंतक’ विलीनीकरणाचा पुरस्कार करीत होता, तर ‘राष्ट्रमत’ त्याच मराठीतून विलीनीकरणाविरुद्ध झुंजत होता. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्याच रणातले. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. आमच्या वाचकांत दोन्ही मतांची घराणी आहेत आणि तो वाद उकरून काढण्याचा आमचा मानस नाही. सांगावयाचे ते इतकेच की, त्या काळी हाती घेतलेले पत्र कोणत्या बाजूचे, हे वाचकास ठाऊक असे. मत मताच्या वेषात येई. पटले तर घ्यावे, न पटले तर प्रतिपक्षाचे पत्र विकत घ्यावे.

पुढे ही रीत पालटली आणि मत बातमीचा वेष घेऊन घरात शिरू लागले. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या दिवसांत मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा एकच मजकूर तीन प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत शब्दशः छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. एकमेकांचे तोंड न पाहणारी तीन पत्रे आणि त्यांची लेखणी मात्र एक! भारतीय वृत्तपत्र परिषदेने अशा ‘पेड न्यूज’च्या चौकशीसाठी द्विसदस्य उपसमिती नेमली, पण २०१० साली तिचा सविस्तर अहवाल मागे ठेवून परिषदेने संक्षिप्त अहवालावर भागवले. मूळ अहवाल उजेडात आला तो माहितीच्या अधिकाराच्या बळावर, २०११ साली. निवडणूक खर्चाच्या त्या प्रकरणात आयोगाने दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला.

ग्वाल्हेरच्या वाचकांना दतियाचे प्रकरण अधिक जवळचे. तेथून २००८ साली निवडून आलेल्या मध्य प्रदेशच्या एका मंत्र्याला अशाच कारणावरून निवडणूक आयोगाने २०१७ मध्ये अपात्र ठरविले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णयही रद्द केला. न्यायालयाचा निवाडा आम्ही शिरसावंद्य मानतो आणि कोणासही दोषी म्हणत नाही. परंतु मतदान २००८ चे आणि निकाल २०१८ चा, ही कालगणना विसरू नये. छापलेल्या स्तुतीमागे पैसा होता की नाही, याचा निवाडा होईतो दहा वर्षे जातात; मत मात्र एका दिवसात देऊन मोकळे व्हावे लागते. म्हणून पहिला न्यायनिवाडा वाचकानेच आपल्या घरी, वृत्तपत्र हाती असतानाच केला पाहिजे.

सरकारी जाहिरातींची कथा याहून निराळी नाही. त्यांत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्यावाचून कोणाचे छायाचित्र असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. राज्यांनी धाव घेतली आणि २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री व संबंधित मंत्री यांनाही मुभा मिळाली. रस्ता आपल्या कराचा, जाहिरात आपल्या कराची आणि मुखडा तेवढा त्यांचा! निवडणुकीच्या साध्या हस्तपत्रकावरदेखील मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव असावे, असे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो. मोबाइलवर फिरत येणाऱ्या निनावी मजकुरास मात्र आईबाप नसतात, आणि आपण तो देवाच्या आरतीसारखा भक्तिभावाने पुढे धाडतो.

कोणी म्हणेल, हे शंकेखोरपण श्रद्धावंतांना शोभत नाही. हा आक्षेप आम्हांस मुळीच मान्य नाही. आमच्या अनेक देवळांत देवाला कौल लावतात. प्रश्न सर्वांसमक्ष मोठ्याने सांगितला जातो, पाकळ्या सर्वांसमक्ष लावल्या जातात, आणि कोणती पाकळी पडली हेही सर्व जण पाहतात. साक्षात देवाचा कौल घेतानादेखील मधल्या माणसाचा हात उघड्यावर असावा, हा आमचा दंडक. गोव्यात १९३३ च्या देवस्थान नियमावलीनुसार महाजन आपल्यातूनच अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार निवडतात, आणि तरीही दक्षिणापेटीतल्या पैशाचा हिशेब त्यांना विचारतात. त्याने देवावरची श्रद्धा ढळते काय? यमाने सोने, हत्ती, दीर्घायुष्य देऊ केले, तरी नचिकेताने आपला प्रश्न सोडला नाही; आणि आमचा मतदार एका रंगीत फलकावर आपला प्रश्न सोडून देतो!

दुसरी एक चूक मात्र टाळली पाहिजे. ‘सगळेच चोर, सगळेच खोटे’ असे म्हणून हात झटकणे याला आम्ही चिकित्सा म्हणत नाही. ती आळसाची बहीण होय. सर्वांना साधू म्हणणारा जितका चोराच्या उपयोगी पडतो, तितकाच सर्वांना चोर म्हणणाराही पडतो. कारण दोघेही हिशेबाची वही उघडत नाहीत. खरा चिकित्सक पुरावा मागतो आणि पुरावा मिळाल्यावर मानतोही. शिवाय त्याची तराजू दोन्हीकडे सारखी असते. विरोधकाच्या बातमीत दहा दोष काढणारे आम्ही, आपल्या जातीच्या, आपल्या भाषेच्या, आपल्या पक्षाच्या माणसाची बातमी डोळे मिटून गिळतो. मराठीवाल्याने मराठी पत्राला आणि कोंकणीवाल्याने कोंकणी पत्राला आधी तपासावे. आपल्या माणसाला विचारलेला प्रश्न हीच चिकित्सेची खरी परीक्षा.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. देवस्थान समित्यांनी ठराव करावा की, उत्सवाच्या कमानीवर व निमंत्रणपत्रिकेवर कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याचे छायाचित्र असणार नाही. देणगी कोणीही द्यावी. तिची नोंद हिशेबात पडेल, फलकावर नव्हे. आणि वाचकाने राजकीय मजकूर वाचताना तीन प्रश्न विचारावेत: याचे पैसे कोणी दिले? यात कोणाची बाजू वगळली आहे? सांगितलेल्या कामाचा हिशेब कोठे पाहावयास मिळेल? उत्तर मिळाले तर विश्वास ठेवावा; न मिळाले तर मजकूर पुढे धाडू नये.

देवाजवळ आपण कौल मागतो. पुढारी तो आपल्याजवळ मागतात. देणारा आपण आहोत, हे ज्याच्या ध्यानी आले, तो हिशेब मागितल्यावाचून राहणार नाही.