हिमालयातील छपरे आणि सपाटीचे आराखडे

हिवाळा आला की काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील हिमवृष्टीची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकू लागतात. सपाटीवरील वाचकाला ती रमणीय वाटतात. त्या बर्फाखालच्या छपराचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः डोंगराळ भागातील कुटुंबाची सुरक्षितता त्या छपरावरच अवलंबून असते.

बर्फ हलका असतो ही समजूत फसवी आहे. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो. परंतु दबून व भिजून घट्ट झालेला बर्फ ३०० किलो किंवा त्याहूनही जड होतो. दहा मीटर लांब व तितक्याच रुंद छपरावर असा एक मीटरचा थर साचला, तर सुमारे ३० टनांचे ओझे पेलावे लागते. २ जानेवारी २००६ रोजी जर्मनीतील बाड राइखेनहाल या आल्प्सच्या कुशीतील गावी स्केटिंग सभागृहाचे छप्पर बर्फाखाली कोसळले आणि १५ जण मृत्युमुखी पडले. प्रगत देशांनाही हा धोका चुकलेला नाही.

पहाडी माणसाने या संकटाचे उत्तर स्थानिक साधनांतून शोधले होते. जपानमधील शिराकावागो येथील गवती छपरांचा उतार सुमारे ६० अंशांचा आहे. हिमाचलात स्लेटच्या पाट्या व देवदाराच्या फळ्या वापरीत. काश्मिरात भूर्जपत्राच्या थरांवर माती पसरीत आणि वसंतात तीवर फुले उमलत. लडाखमध्ये पाऊस व बर्फ दोन्ही कमी, म्हणून तेथे मातीचे सपाट धाबे पुरेसे ठरले. कोकणातील उतरते कौलारू घर आणि मराठवाड्यातील धाब्याचे घर ज्याने पाहिले आहे, त्याला यामागील तर्क समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि, जुने ते सारे सोने असे मानण्याचेही कारण नाही. मातीचे जड छप्पर भूकंपात घात करते, आणि ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपाचा अनुभव काश्मीर विसरलेले नाही. हलका, सहज वाहून नेता येणारा व बर्फ घसरवून टाकणारा पत्रा लोकांनी स्वीकारला, तो उगाच नव्हे. परंतु नुसता पत्रा थंडी अडवीत नाही. घरातील ऊब वर गेली की त्यावरील बर्फ खालून वितळतो, ते पाणी वळचणीपाशी पुन्हा गोठते आणि त्या बांधाआड तुंबलेले पाणी घरात झिरपते. शिवाय पत्र्यावरून एकदम सुटणारा बर्फ खालून जाणाऱ्याच्या अंगावर कोसळू शकतो. छताखाली उष्णतारोधक थर, त्यावर हवा खेळती राहील अशी पोकळी आणि दारावरील पाख्याला बर्फ अडविणाऱ्या पट्ट्या, एवढे उपाय केले तरी यातील बराच त्रास टळेल.

याहून चिंतेची बाब म्हणजे सिमेंटच्या सपाट स्लॅबचे अनुकरण. स्लॅबवर बर्फ साचून राहतो. दिवसा वितळलेले पाणी भेगांत शिरते, रात्री गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि भेग रुंदावते.

बर्फाचा भार कसा मोजावा हे सांगणारे भारतीय मानक १९८७ पासून उपलब्ध आहे. पण ते अभियंत्याच्या टेबलावर राहते आणि गावातल्या मिस्त्रीपर्यंत पोहोचत नाही. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाटीवरील घराला १ लाख २० हजार व डोंगराळ भागातील घराला १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. तीव्र उताराचे भक्कम छप्पर, थंडीपासून संरक्षण आणि डोंगरावरील वाहतूक या साऱ्यांची भरपाई दहा हजारांत होते असे मानणे म्हणजे हिमालय न पाहताच त्याचा हिशेब मांडणे होय. साहाय्य उंची व हिमवृष्टीनुसार ठरावे, स्थानिक मिस्त्रींना प्रशिक्षण मिळावे आणि शाळा व दवाखान्यांच्या छपरांची हिवाळ्यापूर्वी तपासणी सक्तीची व्हावी. यासाठी नव्या शोधाची गरज नाही. ज्या गावावर छप्पर उभारायचे, त्या गावावर किती बर्फ पडतो हे आराखडा काढण्यापूर्वी विचारले गेले पाहिजे.